हाक न दिलेला हिवाळा

डिसेंबर सरत आला की लहरीपुरा दरवाज्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, दोन खांबांमध्ये पतंगाचा दोरा ताणलेला दिसू लागतो. रंगवणारी माणसे बोटांना चिंध्या गुंडाळून गुलाबी लगदा त्या दोऱ्यावरून फिरवत मागे-पुढे चालत राहतात आणि दुपारपर्यंत त्यांच्या पायांखालची धूळही गुलाबी होते. बडोद्यातल्या इतर माणसांना हे दिसले की उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, जवळ आल्याची जाणीव होते. मला एका गुडघ्याची आठवण होते. तो गुडघा माझा नव्हे, हेतलचा.

मी बास्केटबॉल खेळत असे. हे वाक्य लिहिताना आजही मी जरा अवघडते, कारण आमच्या घरात कुणी कधी काही 'खेळत' नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. त्यांच्या आधीच्या दोन पिढ्या संस्थानच्या कचेरीत कागदपत्रे सांभाळण्यात गेल्या. या सगळ्यांनी मिळून घरात एक नियम घालून ठेवला होता, जो कुणी कधी उच्चारला नाही आणि कुणी कधी मोडला नाही : समोरच्याचे वाक्य पुरे झाल्याखेरीज आपले सुरू करायचे नाही, आणि सुरू केले तरी आवाज दाराबाहेर जाता कामा नये. दूध उतू जात असले तरी आई ते हलकेच सांगत असे. अशा घरातली मुलगी पाच फूट अकरा इंच वाढली आणि एकोणिसाव्या वर्षी, केवळ उंचीमुळे, कुणीतरी तिच्या हाती चेंडू दिला. ज्या वयात इतर मुलींची दहा वर्षे खेळून झालेली असतात, त्या वयात मी चेंडू जमिनीवर कसा आपटायचा ते शिकत होते.

पुढे अकरा वर्षे मी एका सरकारी खात्याच्या महिला संघातून खेळले आणि त्यांपैकी चार वर्षे संघाची कर्णधार होते. आपल्याकडे बाईने बास्केटबॉलवर पोट भरायचे तर त्याची रीत अशी, की खेळाडू कोट्यातून कारकुनाची खुर्ची मिळते. सकाळी हजेरीपटावर सही करायची, दुपारपर्यंत फायली हलवायच्या आणि मग सरावाला जायचे. शिबिर असेल तेव्हा खुर्ची रिकामीच. कचेरीतल्या लोकांना हे रुचत नसे. आमचे मोठे साहेब मी उठले की चष्म्यावरून पाहत म्हणत, "चालल्या का बेन? जाता जाता ही फाइलपण बास्केटमध्ये टाकून जा, तुमचा नेम चांगला आहे म्हणतात." मी फाइल कपाटात ठेवत असे. उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचत असे, तेही व्याकरणशुद्ध.

हेतल आणि मी एकाच दिवशी रुजू झालो. ती पाणीगेटची. वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते आणि चार भावंडांत ती सर्वांत मोठी. माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, पण पायांत अशी चपळाई की बाजूला सरकताना ती पळते आहे की घसरते आहे ते कळत नसे. शेजारच्या मराठी बिऱ्हाडात लहानपण गेल्यामुळे ती माझ्याशी मराठी बोले. त्या मराठीची क्रियापदे तिची स्वतःची असत. एकदा मला हसू आवरले नाही, तेव्हा म्हणाली, "माझ्या मराठीवर हसते काय? मी तुझ्या डाव्या हातावर हसली कधी?" माझा डावा हात खरोखरच हसण्यासारखा होता.

बडोद्याचा हिवाळा फार तर सहा आठवड्यांचा. तोंडातून वाफ निघावी असे दिवस त्यात दहाच. त्या वर्षीचे आमचे शिबिर नेमके त्या दहा दिवसांत आले होते. सकाळी सहाला सिमेंटचे मैदान दवाने ओलसर असे. आम्ही मुलीच पोती घेऊन ते पुसत असू. थंडीत चेंडू दगडासारखा लागतो आणि कमी उसळतो. त्याची खरखर बोटांची टोके फाडते. रात्री तूप चोळून झोपावे तरी सकाळी पहिल्या झेलालाच ती पुन्हा उलत. नऊ वाजता शिबिर सुटले की रस्त्यापलीकडच्या गाडीवर सेव-उसळ खायची. हेतल तीनदा तरी मागून घेई आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणे, "आज तिखट कमी आहे, नाही?" त्या वाफेला, त्या कांद्याच्या वासाला आणि आमच्या घामेजलेल्या स्वेटरांना मिळून जो एक गंध होता, तो मला नंतर कुठल्याही शहरात मिळाला नाही.

आमची दोघींची नेमणूक तेव्हा कायम झालेली नव्हती. दोन वर्षांच्या आत ठरावीक सामने प्रत्यक्ष खेळले आणि शेवटी तंदुरुस्तीचा दाखला मिळाला, तरच नोकरी पक्की, अशी अट होती. दोघींचीही मुदत मार्चमध्ये संपत होती. हेतल पहिल्या पाचांत होती, त्यामुळे तिला काही काळजी नव्हती. मी राखीव होते, आणि राखीव होते ती तिच्याच जागेसाठी. ती दमली तर मी उतरायची, आणि ती दमत नसे. माझे सामने भरत नव्हते. हे मी कुणापाशी बोलले नाही. हेतलला मात्र ते ठाऊक होते, कारण बाकावर माझ्या शेजारी टॉवेल टाकताना ती एकदा म्हणाली होती, "पुढच्या मॅचला मी लंगडून दाखवते दहा मिनिटं. तू खेळ."

आमचे प्रशिक्षक थॉमस सर केरळचे होते. त्यांचे हिंदी त्यांच्या शिट्टीइतकेच तोडके आणि तीक्ष्ण होते. माझ्याविषयीची त्यांची तक्रार एकच : "तुम बोलता नहीं."

ही तक्रार काय होती ते सांगायला हवे, कारण माझी सारी गोष्ट तिच्यापाशी येऊन थांबते. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना आपण आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून आडवे सरकत असतो. आपल्या पाठीमागे काय आहे ते दिसत नाही. अशा वेळी प्रतिपक्षाचा दुसरा खेळाडू मागून येऊन आपल्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात, आणि तो नियमाला धरूनच असतो. त्या खांबावर आपण आदळू नये म्हणून त्या दुसऱ्या खेळाडूवर जिचे लक्ष असेल तिने ओरडून सांगायचे असते : "स्क्रीन लेफ्ट!" किंवा "राइट!" ते ओरडणे तिचे काम. चेंडू झेलण्याइतकेच ते खेळाचा भाग आहे. जिला ओरडता येत नाही, तिला अर्धा खेळ येत नाही.

मला ओरडता येत नव्हते. शब्द गळ्यापर्यंत येई आणि तिथे चपला काढून उभा राही. शिबिरातल्या एका सकाळी सरांनी माझा आवाज सगळ्यांसमोर काढून दाखवला, "स्क्रीन लेफ्ट जी, प्लीज जी", आणि मुली पोट धरून हसल्या. हेतल सर्वांत जोरात हसली आणि मग जवळ येऊन माझ्या पाठीत गुद्दा घालून, आपल्या गुजराती 'अगं'ने सुरुवात करत म्हणाली, "अली, शिवी द्यायला तरी शीक. आवाज आपोआप निघेल."

आम्हांला तोलाचा सराव मिळावा म्हणून सर आठवड्यातून दोनदा मुलांच्या संघाशी सामना लावीत. त्या दिवशी त्यांनी आम्हां दोघींना एकत्र उतरवले. हेतल एका चपळ मुलाला अडवत होती. मी एका धिप्पाड मुलावर होते. तो माझ्यापासून निघाला, हेतलच्या पाठीमागे गेला आणि दोन्ही हात छातीशी धरून उभा राहिला. तो थांबला म्हणून मीही थांबले. मला सारे दिसत होते. हेतल वेगाने डावीकडे सरकत येत होती. दोघांत चार पावलांचे अंतर होते, मग तीन. त्या अवधीत एक शब्द सहज मावला असता. मला आठवते, त्या क्षणी माझ्या मनात एक पूर्ण वाक्य होते : तिला कळेलच की, ती माझ्यापेक्षा किती चांगली आहे.

फारसा आवाज झाला नाही. पाय जमिनीला धरून राहिला आणि बाकीचे शरीर वळले, एवढेच. तो मुलगा हात वर करून पुनःपुन्हा म्हणत राहिला, "मैं तो खड़ा था, सर, मैं तो खड़ा था." सर गुडघे टेकून हेतलपाशी बसले. मग मान वर करून त्यांनी विचारले, "किसी ने बोला नहीं?" त्यांनी आम्हां साऱ्यांकडे आळीपाळीने पाहिले. मी काही बोलले नाही. एका मिनिटात मी दुसऱ्यांदा गप्प राहिले होते. सरांनीच शेवटी सुस्कारा टाकला, "ऐसा होता है", आणि ती घटना सर्वांच्या तोंडी 'अपघात' होऊन गेली.

उत्तरायणाच्या दिवशी मी तिला भेटायला पाणीगेटला गेले. खालच्या खोलीत ती पाय उशीवर ठेवून पडली होती. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. वर गच्चीवर सगळे घर, आणि त्या गच्चीवरच काय, साऱ्या शहराच्या गच्च्यांवर माणसे कंठशोष करून ओरडत होती. एखादा पतंग कटला की छत हादरल्यासारखे वाटे. तिने मला तिळाची चिक्की दिली आणि म्हणाली, "वर जा. माझ्या नावाने एकदा ओरडून ये." मी वर गेले. कठड्याला टेकून उभी राहिले, आकाशभर पतंग पाहिले आणि तशीच खाली आले. "ओरडली?" तिने विचारले. मी होकारार्थी मान हलवली. ते खोटे होते.

मार्चमध्ये माझी नेमणूक कायम झाली. तिच्या जागी खेळून माझे सामने भरले होते. तिच्या कागदावर 'खेळण्यास अपात्र' असा शेरा आला. पुढे ऐकले की वाघोडियाच्या एका कारखान्यात तिला पॅकिंगवर काम मिळाले. मग लग्न झाल्याचे कळले. पत्रिका आली होती. मी स्पर्धेसाठी बाहेरगावी होते, आणि बाहेरगावी असल्याचे मला बरे वाटले होते.

त्या उन्हाळ्यात मी ओरडायला शिकले. कसे, ते आजवर कुणाला सांगितलेले नाही. घराच्या मागल्या खोलीत दार लावून, तोंडावर उशी धरून मी "स्क्रीन लेफ्ट" म्हणत असे. एके दिवशी दार उघडले तर बाहेर अण्णा उभे होते. त्यांनी कारण विचारले नाही. म्हणाले, "उशीने काही होणार नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर ये." दुसऱ्या दिवशी ते मला महाविद्यालयाच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेले. मला एका टोकाला उभे केले आणि स्वतः धोतराचा सोगा सावरत दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. "मला ऐकू आले की मी हात वर करीन," जाताना त्यांनी सांगितले होते. पहिल्या दिवशी त्यांचा हात एकदाही वर झाला नाही. मी ओरडत राहिले आणि ते एवढेसे दिसणारे गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात नोकरालाही दुसऱ्या खोलीतून हाक मारली नव्हती, कानामागे तळवा धरून उभे राहिले. आठव्या दिवशी हात वर गेला. परतताना ते एवढेच म्हणाले, "उच्चार स्पष्ट आहे. आता घाई करायला शीक."

त्यानंतरची माझी कारकीर्द लोकांना माहीत आहे. म्हणजे ज्या थोड्यांना या खेळाचे काही वाटते त्यांना. माझ्या नेमबाजीचे कुणी फारसे कौतुक केले नाही, पण माझा आवाज गाजला. दुसऱ्या संघांच्या मुली माझी नक्कल करीत. आमच्या संघात नवी मुलगी आली की सर आपली जुनी तक्रार विसरल्यासारखे तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "इससे सीखो. ये जनम से ऐसा है." मी खाली पाहत असे. त्यानंतरच्या साऱ्या वर्षांत माझ्या संघातली एकही मुलगी मी न दिलेल्या हाकेमुळे पडली नाही, हे मी अभिमानाने सांगू शकले असते. पण ज्या हिशोबात पहिलेच नाव मला उच्चारता येत नव्हते, तो हिशोब मी कुणापुढे मांडणार?

आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न होता, जो मी स्वतःलाही अर्धाच विचारत असे. मी गप्प राहिले ते संकोचाने, की मला तिची जागा हवी होती म्हणून? 'तिला कळेलच की' हे वाक्य माझ्या मनात खरेच त्या वेळी आले होते, की मी ते नंतर शिवून तिथे बसवले? सुशिक्षित माणसाचा हा मोठा शाप आहे. त्याला आपल्या बाजूचे वाक्य नेहमी चांगले रचता येते.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी 'माझी खेळातली वर्षे' असा लेख मला मागितला गेला. पन्नाशी उलटल्यावर लेखणी हाती घेणारीला असली विनंती नाकारता येत नाही. मी लिहायला बसले. पहिली दोन पाने सरळ गेली. मग लिहिले : 'त्या वर्षी एका सहकारी खेळाडूला दुर्दैवी अपघात झाल्यामुळे मला संघात स्थान मिळाले.' ते वाचले आणि कागद बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी वाघोडियाची बस पकडली.

पत्ता शोधायला त्रास पडला नाही. कारखान्यात आता ती पॅकिंग विभागाची सुपरवायझर आहे आणि औद्योगिक वसाहतीच्या मागच्या वस्तीत 'हेतलबेन' म्हटले की कुणीही घर दाखवते. ती ओट्यावर बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. समोर परात, शेजारी शेंगांचा ढीग. केस पांढरे झालेले. एक पाय पुढे सरळ सोडलेला. तो आता पुरता दुमडत नाही. मला पाहून ती उठली नाही. डोळे बारीक करून म्हणाली, "इतकी उंच बाई आमच्या गल्लीत एकच येऊ शकते. बेस. हात रिकामे ठेवू नको, संध्याकाळी कचोरी करायची आहे."

मी बसले आणि शेंगा सोलू लागले. तिने मुलीचे सांगितले, जावयाचे सांगितले, नव्या मॅनेजरची नक्कल केली. मी बहुधा दोनशे शेंगा सोलल्या असतील. मग मी, मध्येच, तिचे वाक्य पुरे होण्याआधी म्हणाले, "हेतल, त्या दिवशी मला तो मुलगा दिसला होता."

ती थांबली नाही. अंगठ्याने शेंग फोडून दाणे परातीत टाकत म्हणाली, "खबर छे मने."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. तू माझ्या मागे होती ना? तुझे बूट घासत येत होते, खर्र, खर्र. मग एकदम बंद. बूट थांबले म्हणजे तुझा माणूस थांबला. म्हणजे तुला दिसलं. मी म्हटलं, आता बोलेल. तू नाही बोलली."

मी म्हणाले, "म्हणजे चूक माझी होती."

"मग काय माझी?" तिने मान वर केली. "तुझीच चूक होती. दोन वर्षं रोज तुला शिव्या दिल्या. आधी गुजरातीत, मग हिंदीत. मराठी शिव्या शेजारच्या काकूंना विचारल्या, तर त्यांना येत नव्हत्या." ती हसली नाही, पण पुढची शेंग जरा जोरात फोडली. "आणि त्या उत्तरायणानंतर तू आलीच नाही. मला वाटायचं, या रविवारी येईल. दिवाळीला येईल. लग्नाला तर येईलच. मग मुलगी झाली आणि रागवायला टाइमच नाही मिळाला."

"हेतल, एक खरं सांग." माझा आवाज पुन्हा जुना, दाराच्या आतला झाला होता. "तुला कधी असं वाटलं का, की मी मुद्दाम गप्प बसले? तुझी जागा मिळावी म्हणून?"

यावर मात्र तिने हातातली शेंग ठेवली आणि अशी मोठ्याने हसली की समोरच्या घरातली बाई दारात येऊन पाहू लागली. "तू? मुद्दाम?" ती डोळे पुसत म्हणाली. "अली, मॅचमध्ये समोरच्या पोरीला धक्का लागला तर तू सॉरी म्हणायला थांबायची, आणि तेवढ्यात ती बास्केट करून यायची! तुझ्यात तेवढी लबाडी असती तर तू पहिल्या वर्षीच पाचांत खेळली असतीस. मला राग कशाचा होता माहीत आहे? माझा गुडघा गेला, आणि तोही तुझ्या लाजेपायी. कुणी दुश्मनी करून घालवला असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं."

परात भरत आली होती. इतकी वर्षे मी स्वतःवर जो आरोप ठेवून होते त्यातला अर्धा तिने शेंगांच्या सालींबरोबर बाजूला लोटला होता, आणि उरलेला अर्धा नीट, पुरता, माझ्या पदरात घातला होता. आश्चर्य असे, की हा अर्धा मुळीच जड नव्हता. ज्याचे वजन ठाऊक असते ते उचलता येते.

मी तिला लेखाचे सांगितले. लिहू का, म्हणून विचारले.

"लिही. नाव पण लिही, माझ्या जावयाला दाखवेन. फक्त अपघात लिहू नको." तिने मला बोट दाखवले. "सगळ्यांनी मला तेच सांगितलं, अपघात, नशीब, ऐसा होता है. मला फार राग यायचा. माझा पाय नशिबाने नाही गेला."

परतीच्या बसमध्ये दुपारचे ऊन खिडकीतून मांडीवर पडले होते. दोन्ही बाजूंनी तुरीची शेते मागे जात होती. मी थोडा वेळ पुढचे वाक्य जुळवून पाहिले, आणि मग, मला वाटते, पहिल्या चार-पाच मैलांतच मला झोप लागली. कंडक्टरने सीटच्या दांड्यावर तिकिटाचा चिमटा वाजवला तेव्हा बस रिकामी होती. माझा थांबा केव्हाच मागे पडला होता. "बेन, छेल्लुं स्टॅन्ड आवी गयुं," तो म्हणाला. मी खाली उतरले आणि उलट दिशेने घरी चालत निघाले. मला मुळीच घाई नव्हती. घरी पोहोचल्यावर मी जुने वाक्य खोडले आणि लिहिले : त्या हिवाळ्यात हेतल पडली, कारण तिला हाक देणे माझे काम होते आणि मी ती दिली नाही.